तेविसावा अर्ज

१

गुरुवारी सकाळी पोस्टमनकाका पाणी खात्याच्या कचेरीतून हात हलवत परत आले आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मटकन बसले. सारी हयात पायी टपाल वाटत हिंडलेला हा माणूस चार मजले चढून कधी धापा टाकायचा नाही. त्यामुळे वरून उतरणाऱ्या मीटरबाईंना त्यांना तिथे बसलेलं पाहूनच कळलं, की काहीतरी भलतंच झालंय.

"फाईल नाही," काका म्हणाले. "काल माझ्या हाताने दिली, शिक्का मारून पोच घेतली. आज म्हणतात, अर्ज सापडत नाहीत. उद्या पाचच्या आत नवे आणा, नाहीतर पुढच्या वर्षी या."

"नवे? एका दिवसात?" मीटरबाईंच्या आवाजाला धार आली. "उत्पन्नाचा दाखला मिळायला तीन आठवडे लागलेत एकेकाला."

"तेच म्हटलं मी. तर खिडकी बंद केली तोंडावर."

प्रकरण असं होतं. पासष्टच्या पुढचं वय, तुटपुंजं उत्पन्न आणि स्वतःच्या नावावर नळजोडणी, एवढं असेल तर पाण्याचं बिल अर्धं करण्याची सवलत यंदा निघाली होती. अर्ज करायची शेवटची तारीख उद्याची, शुक्रवारची. ज्याच्या अर्जावर शिक्का बसेल, त्याचा नळ निकाल लागेपर्यंत तोडायचा नाही, असंही त्यात होतं. आणि तळमजल्यावरच्या शिवणमावशीच्या दारावर गेल्या आठवड्यातच लाल नोटीस लागली होती. शनिवारी सकाळी खात्याचा माणूस पाना घेऊन येणार होता.

शिवणमावशीचं वय शहात्तर. सुईत दोरा ओवता येईनासा झाला तेव्हापासून शिवणयंत्र झाकून ठेवलेलं आणि बिलं थकलेली. बाई एक दिवसाआड अंघोळ करायची, तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला ठेवायची, आणि कोणी काही विचारलं तर "मला एकटीला लागतं किती?" म्हणून हसायची. तिला पाणी किती लागतं हे तिच्याहून जास्त मीटरबाईंना ठाऊक होतं.

कारण मीटरबाई म्हणजे खात्याच्या निवृत्त मीटर रीडर. एकतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्यांच्या तोंडासमोर वाकून त्यांनी आकडे वाचले होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, गुडघे बोलायला लागले, तरी रोज सकाळी सात वाजता त्या जिन्याखालचं कपाट उघडत, बॅटरी मारत आणि इमारतीतल्या प्रत्येक खोलीच्या मीटरचा आकडा वहीत टिपत. का, ते कोणी विचारायचं नाही. सून म्हणायची, "लोक फुलं वेचतात, आमच्या आई आकडे वेचतात."

"पोच दाखवा," मीटरबाई म्हणाल्या.

काकांनी खिशातून कागद काढला. शिक्का होता, तारीख बुधवारची, वेळ सकाळी अकरा. खाली कारकुनाच्या अक्षरात लिहिलं होतं: अर्ज संख्या तेवीस.

मीटरबाईंनी ते दोनदा वाचलं.

"काका, आपल्या इमारतीतून अर्ज किती गेले?"

"बावीस," काका म्हणाले. "मी बावीसच मोजले होते."

२

दुपारपर्यंत साऱ्या इमारतीने पोस्टमनकाकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

"काकांना हल्ली मोजताही येत नाही," असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्यात भर घातली की गठ्ठा वाटेतच कुठेतरी पडला असेल आणि फाईलचे नुसते रिकामे पुठ्ठे खिडकीत गेले असतील. कोणी कोणी अर्ज केलाय ते मीटरबाईंनी मजल्यामजल्यावर जाऊन पुन्हा मोजलं. बावीस. एकही जास्त नाही. काका आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते पाहून मीटरबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचं कार्ड हरवलं नाही, त्याला लोकांनी अर्ध्या दिवसात म्हातारचळ लागल्याचं ठरवून टाकलं होतं.

मीटरबाई तिसऱ्या मजल्यावर बँडमास्तरांकडे गेल्या. सगळ्यांचे अर्ज भरून दिले होते ते मास्तरांनीच. अक्षर छापल्यासारखं. मंगळवारची रात्र अर्ज त्यांच्याच खोलीत होते. बुधवारी सकाळी काकांनी ते मोजून घेतले, मग शिधापत्रिका आणायला आपल्या खोलीत गेले, परत येऊन गठ्ठा बांधला आणि निघाले.

बँडमास्तर म्हणजे इमारतीतला रुबाब. लग्नाच्या मिरवणुकांपुढे आयुष्यभर सॅक्सोफोन वाजवलेला सडपातळ, ताठ म्हातारा. सोनेरी बटणांचा लाल कोट आजही खुंटीवर इस्त्री करून टांगलेला. मुलगा परदेशात, महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो, असं सगळ्यांना माहीत होतं, कारण मास्तर ते सगळ्यांना सांगत. सवलतीचा अर्ज त्यांनी केला नव्हता. "मला कशाला? गरजूंना मिळू दे," असं म्हणून त्यांनी बाकीच्यांचे रकाने भरले होते.

"बाई, बसा," मास्तर म्हणाले. "फार वाईट झालं. मला विचाराल तर त्या वसुलीवाल्यावर नजर ठेवा. थकलेलं बिल पुरं वसूल झालं की त्यात त्याचा वाटा असतो. अर्ध्या बिलाने पोट त्याचंच दुखणार."

"ते बघतेच. काल तुम्ही कचेरीकडे गेला होता का हो? काही दिसलं असेल म्हणून विचारते."

"काल? छे." मास्तरांनी कोटाच्या बाहीवरचा न दिसणारा धागा झटकला. "काल मी धुणं काढलं होतं. पडदे, दोन चादरी, सोफ्याची खोळ. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत नळाखालीच होतो म्हणा ना. पाणी जातं हो, पण मला स्वच्छता लागते. बिलाचं काय, मुलगा भरतो."

मीटरबाईंनी मान हलवली. पडदे खिडकीला लागलेले होते, निळे आणि नीटनेटके. त्या उठल्या आणि थेट कचेरीच्या बसला लागल्या.

३

पाणी खात्याच्या कचेरीत मधोमध मोठं दालन होतं, भिंतीला लाकडी बाकं आणि समोर अर्ज घ्यायची खिडकी. खिडकीमागे बसणारी कारकून बाई तिशीची होती आणि तिचे डोळे रडून लाल झाले होते. साहेबांनी तिला लेखी खुलासा मागितला होता. अर्ज उद्यापर्यंत सापडले नाहीत तर निलंबन ठरलेलं.

मीटरबाईंना तिने ओळखलं. खात्यात नवीन लागली तेव्हा मीटर कसं वाचायचं ते याच बाईंनी शिकवलं होतं.

"मॅडम, मी अर्ज घेतले, मोजले. तेवीस होते, शपथेवर सांगते. या ट्रेमध्ये ठेवले. एक वाजता जेवायला गेले, दोनला आले. साडेचारला ट्रे आवरायला घेतला तर पुठ्ठे होते, दोरी होती. आत अर्ज नाहीत."

"दोरी होती? दाखव."

कारकून बाईने खणातून दोरी काढली. जाड सुतळी. कुठेही कापलेली नाही. गाठ सोडवून, बोटांभोवती गुंडाळून, टोक आत खोचून नीट गुंडी केलेली. पोस्टमनकाकांची गाठ मीटरबाईंना माहीत होती. ती सोडवायला दोन हात, दहा नखं आणि वर चार शिव्या लागायच्या.

"जेवायला जाताना खिडकी बंद केलीस?"

"फळी ओढली. पण ती पूर्ण खाली येत नाही, तीन बोटं वरच अडकते. तीनदा तक्रार लिहिलीय मी. ट्रे फळीच्या लगेच आत असतो."

मीटरबाईंनी फळी खाली ओढायला लावली. खरंच, तीन बोटांची फट. त्यांनी बाहेरून त्या फटीत आपला हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि तिथे जो अडकला तो पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी आतून कारकून बाईने ढकलला तेव्हा सुटला. सोलवटलेलं मनगट चोळत मीटरबाई म्हणाल्या, "गठ्ठा केवढा जाड होता?"

"उशीएवढा. प्रत्येक अर्जाला वर्षाची बिलं जोडलेली होती ना."

म्हणजे बांधलेला गठ्ठा या फटीतून बाहेर येणं शक्यच नव्हतं. मीटरबाईंच्या कपाळावर आठी पडली, पण ती त्रासाची नव्हती.

एवढ्यात आतल्या दाराने वसुलीवाला आला. गोल पोट, मनगटावर भलंमोठं घड्याळ. "काय मीटरबाई," तो हसला, "तुमच्या म्हाताऱ्यांची फुकट पाण्याची सोय बुडाली म्हणे."

"फुकट नाही, अर्ध्यात," मीटरबाई म्हणाल्या. "तुझ्या घरी बागेला पाइप लावतोस तेवढ्या पाण्यात माझे बावीस जण आठवडा काढतात. काल एक ते दोन कुठे होतास?"

"इथेच. मागच्या खोलीत, या बाईंबरोबर डबा खात होतो. माझ्यावर घेताय की काय?"

"तुझ्यावर घ्यायला मला फार आवडलं असतं," मीटरबाई म्हणाल्या, आणि ते अगदी मनापासून होतं. "पण तुला ट्रेला हात घालायला आतून दोन पावलं पुरतात. तू नेली असतीस तर फाईल पुठ्ठ्यांसकट, दोरीसकट गेली असती. हिनेही तसंच केलं असतं. गाठ सोडवत कोण बसेल? ज्याला गठ्ठा फटीतून थोडा थोडा ओढून घ्यावा लागला, तोच. चोर खिडकीच्या बाहेर बसला होता."

वसुलीवाल्याचं हसू मावळलं. दाराशी शिपाई उभा होता. मीटरबाई त्याच्याकडे वळल्या. "काल जेवणाच्या सुट्टीत दालनात कोण होतं?"

"कोणी नव्हतं," शिपाई म्हणाला.

"एक तासभर दालन रिकामं?"

"रिकामं म्हणजे, चार-पाच म्हातारी माणसं बसली होती बाकांवर. नेहमीचीच. कोणी नव्हतं."

मीटरबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने टोपी काढून पुन्हा घातली. चार-पाच म्हातारी माणसं बसली होती म्हणजे कोणी नव्हतं. त्यांना राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ ध्यानात आलं की या दालनात चोरी करायला म्हातारं असण्यासारखी दुसरी सोय नाही.

निघताना त्यांची नजर दाराजवळच्या फलकावर पडली. दुसऱ्या विभागातल्या अर्जदारांची यादी लावलेली होती. नाव, वय, उत्पन्न, आणि शेवटचा रकाना: मुले मदत करतात का, नसल्यास कारण. त्याखाली एकेका ओळीत लिहिलेलं. सून घरात घेत नाही. मुलगा दारू पितो. मुलगी बोलत नाही. दोन शाळकरी पोरं ती यादी वाचून एकमेकांना कोपराने ढोसत होती.

"हे कधी लावलं?"

"काल सकाळी," कारकून बाई खाली मान घालून म्हणाली. "साहेबांचा हुकूम. तुमच्या इमारतीचीही लागणार होती, सोमवारी."

"खात्याचं परिपत्रक आहे का तुझ्याकडे? एक प्रत दे."

४

संध्याकाळी मीटरबाई स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या. पुढ्यात पोच, सुतळी आणि परिपत्रक. सून कणीक मळता मळता ऐकत होती. ती इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती आणि सासूचे किस्से तिला मालिकांहून बरे वाटत.

"काका म्हणतात बावीस, ती मुलगी म्हणते तेवीस," मीटरबाई म्हणाल्या. "सगळे म्हणतात, दोघांतलं एक चुकलं. मी म्हणते, दोघंही बरोबर आहेत. काकांनी मोजल्यावर आणि गठ्ठा बांधायच्या आधी कोणीतरी एक अर्ज गुपचूप आत सरकवला."

"स्वतःचा?"

"स्वतःचा. म्हणजे सवलत हवीय, पण इमारतीला कळायला नकोय. मग कचेरीत जावं, आणि तिथे बघावं तर सगळ्या जगाला कळेल अशी यादी फलकावर. काय करील असा माणूस?"

सुनेचे हात थांबले. "आई, गठ्ठा मंगळवारपासून बँडमास्तरांकडे होता. पण ते तर काल धुणं धूत होते ना दिवसभर? मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले. पडदे, चादरी, खोळ."

"किती बादल्या लागतील गं त्याला? तुझा हात त्यात बसलाय."

"हाताने? भिजवायला, घासायला, तीनदा खळबळायला... दहा बादल्या तरी. कंजूषपणा केला तर आठ."

मीटरबाईंनी टेबलाच्या खणातून वही काढली. बुधवारी सकाळी सातचा आकडा, गुरुवारी सकाळी सातचा आकडा. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली, मास्तरांची खोली. त्यांनी वजाबाकी केली आणि वही सुनेकडे फिरवली.

आठ लिटर. अख्ख्या दिवसाचे आठ लिटर, म्हणजे अर्धी बादली.

मग त्यांनी मागची पानं उलटली. मंगळवार, सोमवार, गेला महिना, त्याआधीचा, पार दोन वर्षांमागेपर्यंत. पंचवीस लिटर, अठ्ठावीस, बावीस. इमारतीत सगळ्यात कमी पाणी शिवणमावशीचं, असं त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या. तसं नव्हतं. रोज आकडे टिपले आणि त्यांचा अर्थ एकदाही लावला नाही, याची त्यांना स्वतःचीच शरम वाटली. दोन वर्षं हा माणूस शिवणमावशीहून कमी पाण्यात जगत होता आणि सगळ्यांना परदेशातल्या मुलाच्या गोष्टी सांगत होता.

"खोटं सांगायला दुसरं काहीही सांगितलं असतं," सून म्हणाली. "झोपलो होतो म्हणाले असते तरी चाललं असतं."

"झोपलो होतो हे कोणीही गरीब माणूस सांगेल. त्यांना श्रीमंताचं खोटं हवं होतं," मीटरबाई म्हणाल्या आणि वही मिटली.

५

शुक्रवारी दुपारी दोन वाजता त्या बँडमास्तरांच्या खोलीत होत्या. या वेळी बसल्या नाहीत. वही उघडून आकडा दाखवला.

"मीटर बिघडलं असेल," मास्तर म्हणाले.

"नवं आहे. गेल्या वर्षी बसवलंय."

मास्तर खिडकीपाशी गेले. मग त्यांनी पलंगाखालून सॅक्सोफोनची काळी पेटी ओढली आणि खटके उघडले. आत सॅक्सोफोन नव्हता. लाल मखमलीच्या खळग्यात अर्ज ठासून भरलेले होते.

"वाद्य कधी विकलं?" मीटरबाईंनी विचारलं.

"दोन वर्षं झाली. मुलाचे पैसे यायचे बंद झाले तेव्हा." मास्तर पेटीशेजारीच खाली बसले. "बुधवारी मी काकांच्या मागोमाग गेलो होतो, अर्ज पोचतायत ना बघायला. आणि तो फलक वाचला. बाई, मी खरं कारण लिहिलं होतं. म्हटलं, सरकारी कागद आहे, कपाटात जाईल. मी फक्त माझा काढायला हात घातला हो. बोटं अजून चालतात, गाठ सुटली. पण वरचा काढला तर तो माझा नाही, दुसरा काढला तर तोही नाही. मी माझा तळाशी सरकवला होता, कोणाला दिसू नये म्हणून. सगळे ओढून झाले तेव्हा माझा हाताला लागला, आणि तेवढ्यात आत चपलांचा आवाज आला. सगळे पिशवीत कोंबले आणि उठलो. काल सकाळी परत ठेवायला गेलो, तर ट्रे आत नेलेला."

"आणि काका? काल दिवसभर लोक काकांना काय काय बोलत होते?"

मास्तरांनी पेटी मीटरबाईंच्या दिशेने सरकवली.

"घेऊन जा सगळे," ते म्हणाले. "बावीस न्या. माझा राहू दे. मी पाणी आणखी कमी करीन."

"तसं करता आलं असतं तर मी तुमच्यापुढे उभीच राहिले नसते." मीटरबाईंनी पोच समोर धरली. "हिच्यावर तेवीस आहे. बावीस नेले तर साहेब म्हणणार, फाईल अपुरी, घेत नाही. त्याला कारणच हवंय. मग उद्या सकाळी शिवणमावशीचा नळ तुटेल, आणि ती खिडकीवरची पोर घरी बसेल."

"म्हणजे माझं नाव फलकावर लागल्याशिवाय..."

"फलकाशी मी भांडणार आहे. जिंकेन की नाही, सांगता येत नाही. खोटी हमी मी देणार नाही." त्या दाराकडे वळल्या. "तुमच्या पेटीला मी हात लावत नाही मास्तर. अर्ज तुमच्या अक्षरात आहेत, ते तुम्हीच न्यायचे. साडेतीनला आम्ही सगळे जिन्यापाशी आहोत."

साडेतीन वाजता जिन्यापाशी एकवीस म्हातारी माणसं उभी होती, कोणी काठी टेकत, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. पोस्टमनकाकांना मीटरबाईंनी अंथरुणातून अक्षरशः उठवून आणलं होतं. बाविसावी शिवणमावशी, तिने ठेवणीतली साडी काढली होती. पावणेचार वाजले. जिना रिकामाच होता.

"कोणाची वाट बघतोय?" शिवणमावशीने विचारलं.

मीटरबाई जिन्याकडे बघत होत्या. बस कोपऱ्यावर दिसायला लागली होती. तेव्हा वरून, एकेक पायरी, जड पावलांचा आवाज आला.

६

बँडमास्तर सोनेरी बटणांचा लाल कोट घालून आले होते, हातात काळी पेटी.

कचेरीच्या दालनात ती माणसं शिरली तेव्हा साडेचार वाजत आले होते. बाकांवर दुसऱ्या विभागांतले आणखी दहा-बारा म्हातारे बसून होते. मीटरबाईंनी साहेबांना बाहेर बोलावलं आणि पेटीतले अर्ज खिडकीत ठेवायला लावले. कारकून बाईने मोजले. तेवीस.

साहेब उंच, शांत, कधी आवाज न चढवणारा माणूस होता. "सापडले, बरं झालं," तो म्हणाला. "पण गहाळ झालेले कागद असे परत घेता येत नाहीत. कोणी नेले, ते लेखी द्या. नाहीतर ही फाईल मी संशयास्पद म्हणून बाजूला ठेवीन, आणि बाईंवरची कारवाई चालू राहील."

"तुमची फळी तीन बोटं वर अडकते, त्याबद्दल तीन तक्रारी आहेत," मीटरबाई म्हणाल्या. "त्या आधी वाचा."

"फळीने कागद नेले नाहीत. नाव सांगा."

मीटरबाईंनी परिपत्रक उघडलं. नाव त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं, मग काहीही होवो. घड्याळात पाचला वीस कमी होते. शिवणमावशीने मीटरबाईंच्या पदराचं टोक धरलं होतं आणि ती ते सोडत नव्हती.

"मी नेले," बँडमास्तर म्हणाले.

मिरवणुकीत गर्दीच्या वर पोचायची सवय असलेला तो आवाज दालनाच्या टोकापर्यंत गेला. पोस्टमनकाकांनी वळून पाहिलं.

"काका, तुम्ही बरोबर मोजलं होतंत. बावीसच होते. तेविसावा माझा, मी चोरून घातला आणि चोरूनच काढायला गेलो. या पोरीचा त्यात काडीचा दोष नाही." मास्तरांनी गठ्ठ्यातला तळचा अर्ज उपसला. "का नेला तेही सांगतो. तो फलक वाचून नेला. सोमवारी तुम्ही माझं कारण तिथे लावणार होता ना, साहेब? सोमवारपर्यंत कशाला थांबता? आत्ताच ऐका."

आणि त्यांनी वाचलं. नाव, वय एकाहत्तर, उत्पन्न. मुले मदत करतात का? नाही. कारण? मुलाने दोन वर्षांत पैसे पाठवले नाहीत, पत्रही नाही, आणि पत्ता बदललाय तो मला माहीत नाही. मग त्यांनी अर्ज खिडकीत ठेवला.

पहिली पुढे आली ती शिवणमावशी. "माझंही ऐका," ती म्हणाली. "मला मूलच नाही. डोळे गेले म्हणून काम गेलं. चाळीस वर्षं या गावाचे कपडे शिवले, आणि आता अंघोळीला पाणी मोजून घेते. लिहा फलकावर." तिच्यामागून पोस्टमनकाका म्हणाले, "माझी मुलगी आजारी आहे, तिलाच मी देतो, ती मला कुठून देणार?" मग चौथा, मग पाचवी. इमारतीतले संपले तेव्हा बाकांवरचे अनोळखी म्हातारे उठून उभे राहायला लागले.

"हे थांबवा," साहेब म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा," मीटरबाई म्हणाल्या. परिपत्रक त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं. "तक्रारीत लिहा, एका अर्जदाराने अर्ज नेले आणि तारखेच्या आत सगळे आणून दिले. खाली हेही लिहा, की परिपत्रकात फलकावर फक्त नळजोडणीचा क्रमांक लावायचाय. नाव, उत्पन्न आणि घरची धुणी हे तुम्ही आपल्या डोक्याने घातलंय. मी एकतीस वर्षं या खात्यात काढली साहेब. लोक अर्जच करायला येऊ नयेत म्हणून हे केलंय, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही."

साहेबाने परिपत्रक घेतलं. वाचलं. दालनात चाळीसएक माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांच्यातल्या एकाचीही मान खाली नव्हती. खाली बघत होता तो साहेब. त्याने शिपायाला हाक मारली आणि फलकावरची यादी काढायला सांगितली. मग आत गेला आणि दार लावून घेतलं.

कारकून बाईने कोणाची परवानगी विचारली नाही. शिक्का उचलला आणि सगळ्यात आधी शिवणमावशीच्या अर्जावर मारला. "उद्या पाना घेऊन माणूस आला तर हा कागद त्याच्या तोंडासमोर धरा, आजी," ती म्हणाली. "तुमच्या नळाला आता कोणी हात लावू शकत नाही." शिवणमावशी मटकन बाकावर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली, अगदी मोकळेपणाने.

पोस्टमनकाका मास्तरांसमोर जाऊन उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "गाठ सोडवायला किती वेळ लागला?" काकांनी विचारलं.

"वीस मिनिटं," मास्तर म्हणाले. "काका, मला माफ..."

"वीस मिनिटं, एका हाताने," काका म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाकावरचा एक परका म्हातारा कोरा अर्ज घेऊन चुळबुळत होता. दाखला खिशात घेऊन तो दोन दिवस इथे येत होता म्हणे, पण फलक पाहून हातातला कागद खिडकीपर्यंत गेला नव्हता. पाचला आठ मिनिटं होती. मास्तर त्याच्या शेजारी जाऊन बसले, खिशातलं पेन काढलं आणि रकाने भरायला लागले. नाव झालं, वय झालं, उत्पन्न झालं. शेवटच्या रकान्यापाशी म्हाताऱ्याने पेनावर हात ठेवला.

"इथे काय लिहायचं हो?" त्याने हळूच विचारलं.

"जे आहे ते," बँडमास्तर म्हणाले. "सांगा तुम्ही. मी मोठ्या अक्षरात लिहितो."